केनियात मुलींशी शरीराबद्दल बोलायला जाताय, तर आधी तिथलं भांडण समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत तुम्ही किशोरवयीन मुलींसाठी शरीरसाक्षरतेची सत्रं घेता. आता तीच सत्रं केनियात घ्यायची आहेत, आधी किनाऱ्यावरच्या किलिफी भागात आणि मग नारोकला. तिथे या विषयावर कोणी बोलतच नाही असं तुम्ही ऐकलंय. अशा मुलींना स्वतःच्या शरीरावरचा हक्क समजावून कसा सांगायचा आणि आफ्रिकन स्त्रीवाद्यांनी यावर काही लिहिलंय का, असं तुम्ही विचारलंत.

माझं काम परिचारिका आणि समुपदेशक यांना प्रशिक्षण देण्याचं. त्यातली बरीच वर्षं नैरोबी आणि कंपालामध्ये गेली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: भरपूर लिहिलंय आणि त्यावरून आपसांत भरपूर भांडल्याही आहेत. पहिला प्रश्न मात्र मला मुळातच वेगळा मांडावासा वाटतो. समजावून सांगणं ही तुमची अडचण नाही, ते तुम्हाला येतं. तुम्ही शंभर वर्षं चाललेल्या एका वादात मधूनच शिरणार आहात, ही अडचण आहे. तिथे कोण कुणाशी कशावरून फाटलंय आणि बाहेरून आलेल्या लोकांनी आधी काय गोंधळ घालून ठेवलाय, हे माहीत नसेल तर चांगलं सत्रसुद्धा अंगलट येतं.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते. किलिफी आणि नारोकसाठी एकच आराखडा चालणार नाही. किलिफीत शिक्षिका तुमच्यापुढे पहिल्यांदा मांडतील तो प्रश्न शाळकरी वयातल्या गरोदरपणाचा आणि त्यापायी सुटलेल्या शाळेचा असेल. नारोक हा मासाई मुलूख. तिथे मुलींची सुंता आणि तिच्या पाठोपाठ लावून दिलेलं लग्न हा विषय टाळून पुढे जाताच येत नाही. मुली शाळेत आहेत की शाळा सोडलेल्या, चर्चच्या संस्थेने बोलावलंय की सरकारी आरोग्य केंद्राने, दुभाषी त्याच गावची आहे की बाहेरची, यावर निम्मं काम ठरतं. शिवाय मी केनिया आणि युगांडा जवळून पाहिलंय. सेनेगल, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथलं मी वाचून आणि तिथल्या सहकाऱ्यांकडून ऐकून सांगतेय.

आता 'कोणी बोलतच नाही' याबद्दल. युगांडातल्या बगांडा समाजात 'सेंगा' असते, म्हणजे आपली आत्या. भाची वयात आली की पाळीपासून शय्येपर्यंत सगळं तिला शिकवायचं ही सेंगाची जबाबदारी. आईने यात तोंड घालायचं नाही. मकेरेरे विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक सिल्व्हिया तमाले यांनी 2005 मध्ये 'फेमिनिस्ट आफ्रिका' या नियतकालिकात या सेंगांवर एक लेख लिहिला. तो तुम्ही वाचाच. सेंगा नवऱ्याची मर्जी राखायला शिकवते हे खरंच आहे. पण त्याच शिकवणीत स्वतःचं सुख कसं मिळवायचं आणि गाठीला चार पैसे कसे ठेवायचे हेही येतं. शहरात पैसे घेऊन शिकवणाऱ्या सेंगा आहेत, रेडिओवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्याही आहेत. स्वाहिली किनाऱ्यावर, म्हणजे तुमच्या किलिफीच्या अंगाला, हे काम 'सोमो' किंवा 'कुंग्वी' करते. झांझिबारच्या बी किदुदे 2013 मध्ये वारल्या. जग त्यांना तारब या तिथल्या संगीताच्या गायिका म्हणून ओळखतं, पण 'उन्यागो' हेही त्यांचं मोठं काम होतं. वयात आलेल्या मुलींना ढोल आणि गाण्यांतून लैंगिक जीवनाचे धडे देण्याचा हा विधी. आपल्याकडे असं काही उघडपणे चालतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण सेंगाला डोक्यावर घेऊन नाचूही नका. बगांडा मुलींनी योनीचे आतले ओठ ओढून लांबवायचे, अशी एक रीत सेंगा शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही रीत जननांग कापण्याच्या प्रथांबरोबर, 'चौथ्या प्रकारा'त टाकली गेली. तमाले यांनी त्यावर आक्षेप घेतला: ज्यात काही कापलं जात नाही आणि जे कित्येक बायका स्वतःच्या सुखाचा भाग मानतात, ते आणि सुंता एकाच खणात कसं? त्यांचं हे म्हणणं मला पटतं. तरी एक शंका माझ्या मनातून जात नाही. हे सुरू होतं तेव्हा मुलगी लहान असते, आणि तिला नको म्हणायची सोय नसते. प्रौढ बाईने त्याचा पुढे काय अर्थ लावला, याने त्या लहान मुलीच्या संमतीचा प्रश्न सुटत नाही.

सत्रासाठी याचा उपयोग असा. पहिल्या दिवशी मी आकृत्या काढतच नाही. मुलींना चिठ्ठीवर लिहायला सांगते: तुला शरीराबद्दल पहिल्यांदा कोणी सांगितलं, काय सांगितलं, त्यातलं काय खरं निघालं आणि काय खोटं? चिठ्ठ्यांवर नावं नसतात. त्या वाचल्या की गावात ज्ञान कुठून येतं याचा नकाशाच हातात येतो. मग पुढच्या सत्राला त्या आत्यांना, सोमोंना किंवा चर्चमधल्या मावशींना बोलावता येतं, कारण तुम्ही परतल्यावरही मुली त्यांच्याकडेच जाणार आहेत.

नारोकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्यांनी सगळ्यात जास्त घोळ सुंतेच्या विषयात घातलाय. 1929 मध्ये मध्य केनियात स्कॉटिश मिशनने किकुयु ख्रिस्ती लोकांकडून सुंता सोडल्याच्या प्रतिज्ञेवर सह्या आणि अंगठे घ्यायला सुरुवात केली. नाही म्हणणाऱ्यांना चर्चमधून आणि मुलांना शाळेतून बाहेरचा रस्ता. लोकांनी स्वतंत्र शाळा काढल्या, आणि मुलीच्या शरीरावरची एक प्रथा रातोरात जमिनीच्या आणि स्वातंत्र्याच्या लढ्याची निशाणी होऊन बसली. पुढे 1956 मध्ये, ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडावरून लागलेल्या आणीबाणीच्या काळात, मेरू भागातल्या 'न्जुरी न्चेके' या वडीलधाऱ्यांच्या परिषदेने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून सुंतेवर बंदी घातली. तेव्हा किशोरवयीन मुलींनी काय केलं? त्या टोळीने रानात गेल्या आणि ब्लेडने एकमेकींची सुंता केली. त्यांचं नावच पडलं 'न्गाइताना', मीच माझी सुंता करीन. पुढच्या तीन वर्षांत त्या बंदीखाली दोन हजारांहून जास्त लोकांवर खटले झाले.

मी प्रशिक्षणात ही गोष्ट सांगते तेव्हा नव्या परिचारिका गप्प होतात आणि जुन्या हसतात. त्या मुलींनी शरीरावरचा हक्क बजावला की हक्क गमावला? मला याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. बंदी घालणारे म्हातारे होते, त्यांच्यामागे गोरे साहेब होते, आणि ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, एवढं मात्र दिसतं.

या इतिहासामुळेच आफ्रिकन स्त्रीवाद्यांची भूमिका दुहेरी झाली. इजिप्तच्या डॉक्टर नवाल अल सादावी यांची सुंता त्यांच्या लहानपणीच झाली होती. 1972 मध्ये त्यांनी स्त्री आणि लैंगिकतेवर पुस्तक लिहिलं आणि आरोग्य खात्यातली नोकरी गमावली. सेनेगलच्या आवा थियाम यांनी 1978 मध्ये बायकांच्या तोंडूनच सुंता आणि बहुपत्नीत्वाच्या कहाण्या छापल्या. म्हणजे विरोध आतूनच आणि कडक होता. पण 1980 मध्ये कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद भरली, तेव्हा पाश्चात्त्य स्त्रीवादी ज्या थाटात हा विषय मांडत होत्या त्यावर आफ्रिकन बायका उखडल्या. डाकारमध्ये 1977 साली स्थापन झालेली आफ्रिकन महिला संशोधकांची संघटना 'आवर्ड' हिनेही निवेदन काढलं: प्रथा आम्हालाही नको, पण आमच्या शरीराचं प्रदर्शन मांडून आणि पाणी, भूक, कर्ज हे सगळं बाजूला ठेवून ही लढाई लढू नका. तुमच्या स्लाइड्समध्ये कापलेल्या अवयवांचे फोटो असतील तर ते मुंबईतच ठेवून जा, असं मी म्हणते ते यामुळे.

कायद्याची एक गोष्ट निघण्याआधी पक्की ठाऊक हवी. केनियाच्या 2011 च्या कायद्याने सुंता गुन्हा आहे आणि ती होणार आहे हे माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. आपल्या पॉक्सोच्या कलम 19 सारखंच. सुंता बहुधा डिसेंबरच्या लांब सुट्टीत उरकतात. समजा ऑक्टोबरच्या सत्रात एखादी मुलगी म्हणाली, 'सुट्टीत सुंतेसाठी माझा नंबर आहे,' तर? 'इथलं बोलणं इथेच राहील' असं वचन तुम्ही आधीच देऊन बसला असाल तर कायद्यात आणि त्या मुलीच्या विश्वासात तुम्ही अडकलात. म्हणून मी सत्राच्या सुरुवातीलाच सांगते: कोणती गोष्ट माझ्यापाशी राहील, कोणती मला कळवावीच लागेल आणि कोणाला. मुलींना हे कळतं. फसवलेलं कळायला तर त्यांना वेळच लागत नाही.

आणि कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला असं धरू नका. गाम्बियाने 2015 मध्ये बंदी घातली, 2024 मध्ये ती उठवण्याचं विधेयक संसदेत आलं आणि तिथल्या स्त्रियांनी जीव तोडून लढल्यावर जुलैमध्ये ते फेटाळलं गेलं. केनियातच किसी भागात ही प्रथा दाईच्या हातून परिचारिकेच्या हातात गेलीय, निर्जंतुक ब्लेड आणि इंजेक्शनसह. 'आफ्रिकेतली भयंकर प्रथा' असा सूर तुमच्या तोंडी येण्याआधी एवढंही ध्यानात असू द्या की दाऊदी बोहरा समाजातल्या खतनेविरुद्ध, म्हणजे मुलींच्या सुंतेविरुद्ध, मुंबईतल्या बोहरा बायकाच बोलू लागल्या, 2017 पासून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मोंबासात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली बोहरा कुटुंबंही आहेत. तुम्ही मुंबईहून आलात म्हटल्यावर नारोकमधली एखादी शिक्षिका नेमकं हेच विचारेल.

इथवरचा मुद्दा एवढाच की बोलणं आहे, विरोधही आहे, आणि बाहेरच्यांबद्दलचा संशय साधार आहे. आता गर्भपात आणि मातृत्वाकडे वळू. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण किलिफीत ते पहिल्याच आठवड्यात येईल.

कागदावर आफ्रिका पुष्कळ पुढे आहे. आफ्रिकी देशांचा स्त्री-हक्कांवरचा 2003 चा मापुतो करार बलात्कार, कौटुंबिक लैंगिक अत्याचार, आईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताचा हक्क थेट शब्दांत देतो. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांत हे पहिल्यांदाच घडलं. केनियाने 2010 मध्ये करार मान्य करताना नेमकं तेच कलम वगळलं. त्याच वर्षीच्या केनियाच्या राज्यघटनेत मात्र कलम 26(4) आलं: प्रशिक्षित आरोग्य व्यावसायिकाच्या मते तातडीचे उपचार गरजेचे असतील किंवा आईच्या जिवाला वा आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला मुभा. दंडसंहितेतली वसाहतकाळातली गुन्ह्याची कलमं मात्र जागच्या जागी. मग सरकारची 2012 ची गर्भपाताबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं, पुढच्याच वर्षी ती मागे घेणं, आणि 2019 मध्ये ते मागे घेणं बेकायदा ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल. तो निकाल आला, पण बलात्कारानंतर असुरक्षित गर्भपात झालेली ज्या शाळकरी मुलीची ती केस होती ती आदल्या वर्षीच गेली होती. 2022 मध्ये मालिंदीच्या, म्हणजे किलिफीतल्याच, उच्च न्यायालयाने दवाखान्यातून पकडलेली शाळकरी मुलगी आणि तिच्यावर उपचार करणारा आरोग्य कर्मचारी या दोघांवरचे खटले रद्द केले. अशा निकालांवर अपिलं होत राहतात, तेव्हा आजची स्थिती तिथल्या वकिलाकडून समजून घ्या. सत्रात कायदा सांगणं तुमचं काम नव्हे. कुठल्या दाराशी जायचं ते सांगणारी स्थानिक व्यक्ती शेजारी बसलेली हवी.

एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपला 1971 चा गर्भपाताचा कायदा डॉक्टरभोवती बांधलेला आहे. केनियाच्या 2017 च्या आरोग्य कायद्यात 'प्रशिक्षित' म्हणजे डॉक्टर, परिचारिका, सुईण किंवा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी). इथिओपियाने 2005 मध्ये त्याहून पुढे जाऊन बलात्काराच्या बाबतीत बाईचा शब्दच पुरेसा मानला. ज्या देशात डॉक्टर दूर आणि पोलीस ठाणं त्याहून भीतीदायक, तिथे अशा दोन ओळींनी जीव वाचतात. उलट दक्षिण आफ्रिकेचा 1996 चा कायदा बारा आठवड्यांपर्यंत मागेल तिला गर्भपात देतो, तरी जोहान्सबर्गच्या विजेच्या खांबांवर बेकायदा गर्भपाताच्या जाहिराती चिकटलेल्या दिसतात, कारण सरकारी दवाखान्यात टोमणे मिळतात किंवा 'मी हे करणार नाही' असं उत्तर.

मूल नको म्हणण्याचा हक्क हा अर्धाच भाग. 1994 मध्ये, कैरोच्या लोकसंख्या परिषदेच्या थोडं आधी, शिकागोत काही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' ही मांडणी केली: मूल न होऊ देण्याचा, मूल होऊ देण्याचा आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा, असे तिन्ही हक्क एकत्र. आफ्रिकेतही ती रुजली, कारण दुखणं ओळखीचं होतं. गोऱ्यांच्या ऱ्होडेशियात (आजचं झिम्बाब्वे) काळ्या बायकांना डेपो-प्रोव्हेरा ही गर्भनिरोधक इंजेक्शनं सर्रास दिली जात. स्वतंत्र झिम्बाब्वेने 1981 मध्ये त्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे काही बायकांना ते इंजेक्शन हवं होतं, नवऱ्याला पत्ता न लागता घेता येई म्हणून. त्यांना ना आधीच्या सरकारने विचारलं ना नंतरच्या.

नामिबियाचं प्रकरण मी प्रत्येक प्रशिक्षणात घेते. एचआयव्ही असलेल्या तीन स्त्रियांची सरकारी रुग्णालयांत नसबंदी झाली. संमतीच्या कागदावर सह्या होत्या, पण त्या प्रसूतीच्या कळा चालू असताना घेतलेल्या, आणि कागदावर शस्त्रक्रियेचं नाव 'बीटीएल' अशा तीन अक्षरांत. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती नव्हे. एचआयव्हीमुळे भेदभाव झाला हा मुद्दा सिद्ध झाला नाही, पण संमतीचा झाला. 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लिंगभाव समता आयोगाने आपल्या देशातल्या अशाच 48 स्त्रियांच्या तक्रारी खऱ्या मानल्या. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये आपल्या सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते तुम्हाला आठवत असेलच. तिथेही सह्या होत्या. म्हणून 'संमती' शिकवताना मी प्रियकर-प्रेयसीच्या उदाहरणांवर थांबत नाही. दवाखान्याचा खरा फॉर्म घ्या, मुलींना वाचायला द्या आणि विचारा: ही सही कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या भाषेत घेतली? न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा. तासभर सहज जातो.

तिसरा हक्क, झालेलं मूल वाढवण्याचा, शाळेच्या फाटकाशी अडतो. सिएरा लिओनमध्ये इबोलानंतर 2015 मध्ये गरोदर मुलींना शाळाबंदी झाली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने 2019 च्या डिसेंबरमध्ये ती चुकीची ठरवली आणि 2020 मध्ये ती उठली. टांझानियाने तशीच बंदी 2021 मध्ये उठवली. केनियात 1994 पासून अशा मुलींना शाळेत परत घेण्याचं धोरण आहे, पण कित्येक मुख्याध्यापकांना ते माहीतच नाही किंवा माहीत असून नको असतं. किलिफीत तुम्ही एकच काम नीट करणार असाल तर मी हे सुचवेन: त्या धोरणाचा एक पानी स्वाहिली मसुदा करून घ्या आणि तो मुलींच्या आयांच्या हातात द्या.

सुखाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. बहुतेक संस्था विचारत नाहीत. स्वाझीलँडच्या (आजचं एस्वातिनी) पॅट्रिशिया मॅकफॅडन यांनी 2003 मध्ये लिहिलं की लैंगिक सुख ही स्त्रीवादी निवड आहे, एड्स आणि हिंसेच्या भाषेत ते गुदमरतंय. नायजेरियाच्या चार्मेन परेरा यांनी लगेच उलट प्रश्न केला की सगळ्या आफ्रिकन बायका या बाबतीत गप्प आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत. हा वाद तुमच्या प्रश्नालाच लागू आहे, म्हणून दोन्ही लेख पाठोपाठ वाचा. मुलींच्या सत्रात सुखाचा विषय किती काढायचा हे वय आणि यजमान पाहून ठरवा. पण फक्त रोग, गर्भ आणि बलात्कार एवढंच बोललात तर मुली तुमच्याकडून भीतीच शिकतील.

समलिंगी मुलामुलींचा प्रश्न येईल तेव्हा फार जपून. केनियाच्या दंडसंहितेतलं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 162 आपल्या जुन्या 377 चंच भावंड आहे. 1897 नंतर ब्रिटिशांनी भारतीय दंड संहिताच तिथे लागू केली होती, 1930 मध्ये दुसरी आली, पण 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे शब्द राहिले. तरीही समलिंगी असणं 'आफ्रिकन नाही' असं तुम्हाला ठासून सांगितलं जाईल. शेजारच्या युगांडाच्या 2023 च्या कायद्यात काही प्रसंगी फाशीपर्यंत शिक्षा आहे. वाद घालायला तुम्ही परतीच्या तिकिटावर आलेल्या आहात, त्या मुली नाहीत. हजेरीपटावर पूर्ण नावं नकोत, गटाचे फोटो नकोत, आणि देणगीदाराच्या अहवालासाठी 'एका मुलीची कहाणी' तर अजिबात नको.

वाचण्याचा क्रम विचाराल तर आधी तमाले यांचा 2005 चा लेख, मग मॅकफॅडन आणि परेरा, मग 2006 मध्ये अक्रा इथे आफ्रिकन फेमिनिस्ट फोरमने स्वीकारलेली सनद. सनद छोटी आहे, आणि शरीरावरचा हक्क, गर्भपात, लैंगिक ओळख हे सगळं तिच्यात कुठलाही आडपडदा न ठेवता आलंय. तमाले यांनीच 2011 मध्ये संपादित केलेला 'आफ्रिकन सेक्शुअ‍ॅलिटीज' हा जाडजूड ग्रंथ विमानात वाचायचा नव्हे, तो परत आल्यावर.

तिकीट काढण्याआधी यजमान संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा. पैसा कुणाचा आहे आणि त्या करारात गर्भपाताबद्दल बोलायला मनाई आहे का. अमेरिकन मदतीवर 1984 पासून अशी अट कधी लागते, कधी उठते, आणि 2025 मध्ये ती पुन्हा लागलीय. मुलीने काही उघड केलं तर रात्री फोन कुणाला करायचा. आणि दुभाषी कोण, तिचं त्या गावात नातंगोतं काय. उत्तरं आली की इथेच लिहा, मग नारोकचा आराखडा वेगळा बसून करू.